नॅशनल इन्शुरन्सच्या नोंदीत वर्षं गळली आहेत? पैसे भरण्याआधी हे तपासा

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या, किंवा काही वर्षं तिथे नोकरी करून परत आलेल्या आपल्या माणसांची नॅशनल इन्शुरन्सबद्दल, म्हणजे ज्यावर तिथली सरकारी 'स्टेट पेन्शन' ठरते त्या 'एनआय' वर्गणीबद्दल, एक तक्रार पुन्हा पुन्हा कानावर येते. "पगारातून दर महिन्याला एनआय कापला जात होता. मग स्टेट पेन्शनच्या पानावर माझी चार वर्षं अपुरी कशी?" त्याच पानावर, अपुऱ्या वर्षाच्या शेजारी, किती पौंड भरले की ते वर्ष पूर्ण होईल हेही लिहिलेलं असतं. घाबरलेला माणूस तो आकडा बघतो आणि कार्ड काढतो.

कृपया तसं करू नका. निदान आजच करू नका. अपुऱ्या दिसणाऱ्या वर्षांमागे चार-पाच वेगवेगळी कारणं असू शकतात आणि पैसे भरणं हा त्यातल्या एखाद्याच कारणावरचा उपाय आहे. बाकीच्या ठिकाणी ते वर्ष तुमच्या हक्काचं असतं, फक्त नोंद चुकलेली किंवा मागायची राहिलेली असते. काही वेळा तर वर्ष भरूनही पेन्शन एका पेनीने वाढत नाही. स्वेच्छेने भरलेली रक्कम सहजासहजी परत मिळत नाही, म्हणून आधी कारण शोधायचं.

हिशोब थोडक्यात असा. ६ एप्रिल २०१६ पासून नवी स्टेट पेन्शन लागू आहे. त्या तारखेनंतर पेन्शनच्या वयात आलेले सगळे, म्हणजे ६ एप्रिल १९५१ किंवा त्यानंतर जन्मलेले पुरुष आणि ६ एप्रिल १९५३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या स्त्रिया, तिच्यात येतात. काहीतरी मिळायला साधारणपणे किमान १० पात्र वर्षं, म्हणजे एनआयची पुरेशी नोंद असलेली वर्षं, लागतात. ज्यांची सगळी नोंद २०१६ नंतरची आहे त्यांना पूर्ण पेन्शनसाठी ३५ लागतात. २०२५-२६ मध्ये पूर्ण पेन्शन आठवड्याला २३०.२५ पौंड होती. इथलं वर्ष म्हणजे टॅक्स इयर, ६ एप्रिल ते ५ एप्रिल.

आधी दोन्ही पानं उघडा

सरकारी संकेतस्थळावर किंवा एचएमआरसीच्या, म्हणजे ब्रिटनच्या कर खात्याच्या, अ‍ॅपमध्ये दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. एक स्टेट पेन्शनचा फोरकास्ट आणि दुसरी एनआयची वर्षवार नोंद. बहुतेक जण दुसरं पान बघून हवालदिल होतात. पण निर्णय पहिल्या पानावरून घ्यायचा असतो. आजवरच्या नोंदीवर किती पेन्शन बसते आणि पेन्शनच्या वयापर्यंत काम करत राहिलात तर किती होईल, हे दोन्ही आकडे तिथे असतात. तुम्ही ४५ वर्षांचे आहात, नोकरी चालू आहे आणि पुढची वर्षं धरून फोरकास्ट पूर्ण रकमेला पोचत असेल, तर २०१९ मधलं एक अपुरं वर्ष तुमचं काही बिघडवत नाही.

नुकतंच संपलेलं वर्ष अपुरं दिसत असेल तर थोडं थांबा. मालकाकडून आलेली माहिती आणि सेल्फ असेसमेंटचे (स्वतः भरलेल्या टॅक्स रिटर्नचे) आकडे नोंदीत चढायला वेळ लागतो. आणि ज्या टॅक्स इयरमध्ये तुम्ही पेन्शनचं वय गाठता ते वर्ष मुळात धरलंच जात नाही. त्यासाठी भांडण्यात अर्थ नाही.

वर्षं ३५ हून जास्त, तरी पेन्शन कमी

हे लक्षण एनएचएसमधल्या (सरकारी आरोग्यसेवेतल्या) आपल्या डॉक्टर आणि नर्स मंडळींमध्ये, तसंच कौन्सिलात किंवा शाळांत नोकरी केलेल्यांमध्ये हमखास दिसतं. ३८ वर्षं पूर्ण आहेत, नोंदीत एकही भोक नाही, तरी फोरकास्ट पूर्ण रकमेच्या खाली. गळती शोधून शोधून माणूस दमतो.

इथे गळती नाहीच. २०१६ पूर्वी ज्यांची नोकरीतली पेन्शन योजना 'कॉन्ट्रॅक्टेड आउट' होती, त्यांचा आणि त्यांच्या मालकाचा एनआय कमी दराने जात होता. त्या बदल्यात पेन्शनचा काही भाग नोकरीच्या योजनेतून मिळणार असं ठरलेलं होतं. ६ एप्रिल २०१६ ला प्रत्येकाची एक सुरुवातीची रक्कम काढली गेली, ती करताना ही वजावट झाली. फोरकास्टच्या पानावर 'कोप' नावाने एक अंदाजे आकडा दिसतो तो याचाच. ती रक्कम तुमच्या एनएचएस किंवा तत्सम पेन्शनमध्ये आलेली असते, वेगळी मागायची नसते.

अशा माणसाला २०१६ नंतरचं प्रत्येक पात्र वर्ष पेन्शन वाढवतं, पूर्ण रकमेपर्यंत. २०१६ आधीचं वर्ष मात्र अनेकदा काहीच वाढवत नाही, खास करून तोवर ३० वर्षं भरलेली असतील तर. म्हणून कोणतं वर्ष भरून काय मिळेल हे प्रत्येकाचं वेगळं असतं. शेजाऱ्याचा हिशोब तुमच्या कामाचा नाही.

काम केलं, पैसे कापले गेले, पण वर्ष नाही

आता खरी चूक. आधी एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण बरेच लोक इथे गल्लत करतात. नोकरदाराचं वर्ष पात्र व्हायला बावन्न आठवडे काम लागत नाही. त्या वर्षात एनआय लागू असलेली पुरेशी कमाई लागते. २०२५-२६ साठी ती ६,५०० पौंड होती. महिन्याला २,५०० पौंडांवर रुजू झालेल्या माणसाचे तीन पगारही त्यासाठी पुरतात. म्हणजे तुम्ही सप्टेंबरात हीथ्रोला उतरलात, ऑक्टोबरपासून चांगल्या पगारावर काम केलंत, आणि तरी ते वर्ष अपुरं दिसतंय, तर "मी अर्धंच वर्ष होतो ना" असं म्हणून सोडून देऊ नका. तिथे नोंद चुकली असण्याचीच शक्यता जास्त आहे.

चूक कुठे होते? नवीन आलेल्या माणसाला एनआय नंबर मिळायला वेळ लागतो. तोवर मालक नंबराशिवाय पगार काढतो. नंतर नंबर मिळाला तरी आधीचे महिने त्याला जोडले जातातच असं नाही. आपल्याकडे नावांचा घोळ त्यात भर घालतो. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून, मालकाच्या कागदावर तेच आडनाव म्हणून. लग्नानंतर आडनाव बदललं, ते एका कार्यालयात कळवलं, दुसऱ्यात राहिलं. 'दीक्षित'चं स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं. जन्मतारखेत दिवस आणि महिना उलटे. क्वचित मालकाने पैसे कापले आणि पुढे भरलेच नाहीत असंही घडतं, विशेषतः लहान दुकानांत आणि हॉटेलांत.

यावर उपाय म्हणजे कागद. त्या वर्षाचा पी६० (मालक वर्षाअखेर देतो तो पगार आणि कपातीचा दाखला) असेल तर उत्तम, नसेल तर नोकरी सोडतानाचा पी४५, तोही नसेल तर पेस्लिपा. त्यावरचा एनआय नंबर तुमचाच आहे ना, हे अक्षर अन् अक्षर ताडून पाहा. काहीच जपलेलं नसेल तर एचएमआरसीकडून तुमचा नोकरीचा इतिहास मागवता येतो आणि पगार जमा झाल्याची बँक स्टेटमेंटं आधाराला देता येतात. मग एचएमआरसीच्या नॅशनल इन्शुरन्स विभागाला लेखी कळवा: कोणतं वर्ष, मालकाचं नाव आणि पत्ता, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, सोबत कागदांच्या प्रती. मूळ कागद पाठवू नका. फोनवर बोललात तर तारीख आणि संदर्भ क्रमांक टिपून ठेवा. उत्तर यायला महिने लागू शकतात, पण मालकाने कापलेल्या पैशांचं वर्ष तुमच्या खिशातून पुन्हा विकत घ्यायची तुमच्यावर वेळ येऊ नये, म्हणून एवढा खटाटोप.

मुलं लहान असतानाची वर्षं

सगळ्यात जास्त हक्क इथे बुडतो, आणि तो बहुतेक बायकांचा असतो. म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते.

१२ वर्षांखालच्या मुलासाठी ज्याच्या नावावर चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) आहे त्याला दर आठवड्याला एनआयचं क्रेडिट, म्हणजे पैसे न भरता होणारी नोंद, मिळतं. घरी राहून मूल वाढवणाऱ्या आईचं वर्ष एकही पौंड न भरता पात्र होतं. पण क्रेडिट नावाला चिकटलेलं असतं. घरातले कागद नवरा भरतो म्हणून चाइल्ड बेनिफिटचा अर्जही त्याच्याच नावाने गेला, असं आपल्याकडे सर्रास होतं. नवऱ्याची वर्षं नोकरीमुळे तशीही पूर्ण होतातच. ते क्रेडिट त्याच्याकडे वाया जातं आणि बायकोची वर्षं कोरी राहतात. हे क्रेडिट एका पालकाकडून दुसऱ्याकडे वळवता येतं, त्यासाठी सीएफ४११ए हा फॉर्म आहे. आणि पुढच्या काळासाठी बेनिफिटचा दावाच जो कमावत नाही त्याच्या नावावर करून घ्या.

दुसरा खड्डा जानेवारी २०१३ चा. तेव्हापासून घरातल्या एकाची कमाई ५०,००० पौंडांवर गेली की चाइल्ड बेनिफिट कराच्या रूपाने परत द्यावं लागू लागलं. एप्रिल २०२४ पासून ही मर्यादा ६०,००० आहे. आयटीतल्या कित्येक घरांनी तेव्हा विचार केला, पैसे परतच द्यायचेत तर अर्ज कशाला? अर्ज न केल्याने आईचं क्रेडिटही गेलं. अर्ज करून 'पैसे नकोत' असा पर्याय निवडता येतो आणि क्रेडिट तरीही मिळतं, हे फार थोड्यांना कळलं. बाळ आता जन्मलं असेल तर आजच अर्ज करा, कारण मागचे फक्त तीन महिने धरले जातात. अर्ज न केल्यामुळे गेलेली वर्षं परत मिळवण्याची सोय करू, असं सरकारने २०२३ मध्ये जाहीर केलं होतं. २०१३ नंतरची अशी वर्षं ज्यांची आहेत त्यांनी पैसे भरण्याआधी एचएमआरसीला त्याबद्दल आवर्जून विचारावं.

तिसरी गोष्ट साठी-सत्तरीतल्या काकू-मावश्यांची. १९७८ ते २०१० या काळात क्रेडिटच्या जागी 'होम रिस्पॉन्सिबिलिटीज प्रोटेक्शन' नावाची सोय होती. मे २००० पूर्वी चाइल्ड बेनिफिटच्या अर्जावर एनआय नंबर देणं सक्तीचं नव्हतं, त्यामुळे असंख्य बायकांच्या नोंदीत ते संरक्षण चढलंच नाही. ही सरकारने मान्य केलेली चूक आहे आणि २०२३ पासून एचएमआरसीने संबंधितांना पत्रंही पाठवली. पण पत्र आलं नाही म्हणजे हक्क नाही असं मुळीच नाही. तुमची मुलं त्या काळात लहान होती, चाइल्ड बेनिफिट तुमच्या नावावर होतं आणि ती वर्षं नोंदीत रिकामी आहेत, तर सीएफ४११ हा फॉर्म भरा. पेन्शन सुरू झालेली असली तरी भरता येतो. आई हयात नसेल तर तिच्या वतीने मुलंही अर्ज करू शकतात. साठ-सत्तरच्या दशकात आलेल्या आपल्या कितीतरी घरांना हे लागू पडेल, आणि त्या बायकांना स्वतः ऑनलाइन शोधायला सांगणं अन्यायाचं आहे. तुमच्या ओळखीत अशा कोणी असतील तर शेजारी बसून फॉर्म भरून द्या.

एक अपवाद मनात ठेवा. विवाहित स्त्रियांना पूर्वी कमी दराने एनआय भरण्याची मुभा होती, त्याला 'स्मॉल स्टॅम्प' म्हणत. नव्याने तो पर्याय घेणं मे १९७७ मध्ये बंद झालं, पण आधी घेतलेल्यांचा चालू राहिला. कमी दराने भरलेली ती वर्षं पेन्शनला धरली जात नाहीत.

आजीसाठीही सोय आहे. मुलगी कामावर जाते आणि तिथेच स्थायिक असलेली, अजून पेन्शनच्या वयाला न पोचलेली आजी नातवाला सांभाळते, अशा घरात मुलीला नको असलेलं क्रेडिट आजीला, किंवा आजोबांना, मिळू शकतं. ही सोय एप्रिल २०११ पासून आहे, फॉर्म सीए९१७६. बाळंतपणासाठी सहा महिने व्हिजावर आलेल्या आजीला मात्र ती लागू नाही.

आणि व्हिजावर असलेल्या तरुण घरांसाठी सावधगिरी: ज्या व्हिजावर सरकारी मदत घ्यायला मनाई आहे त्या काळात चाइल्ड बेनिफिट मागू नका. क्रेडिटच्या लोभाने व्हिजा धोक्यात येईल. कायम वास्तव्याचा परवाना मिळाला की लगेच अर्ज करा. मधली वर्षं हवीच असतील तर तिथे पैसे भरणं हाच मार्ग उरतो.

थोडंथोडं काम

२०२५-२६ मध्ये एका नोकरीत आठवड्याला किमान १२५ पौंड मिळाले तर ते वर्षाला धरले जात होते. २४२ पर्यंत तर तुमच्याकडून एनआय कापलाही जात नव्हता, तरी नोंद होत होती. पण ९० पौंडांच्या दोन नोकऱ्या असतील तर त्यांची बेरीज होत नाही आणि दोन्ही वाया जातात. शाळेतली डिनर लेडी आणि संध्याकाळचं दुकान, अशी दोन कामं करणाऱ्यांनी एका ठिकाणी तास वाढवून मिळतात का बघावं.

स्वतःचा व्यवसाय असणाऱ्यांची जुनी वर्षं गळण्याचं नेहमीचं कारण म्हणजे रिटर्न भरलं, पण स्वयंरोजगार म्हणून एनआयची नोंदणी झालेली नव्हती. २०२४ पासून पुरेसा नफा दाखवला की वर्ष आपोआप धरलं जातं. नफा कमी असेल तर 'क्लास २' हा स्वयंरोजगारवाल्यांचा एनआय स्वेच्छेने भरता येतो आणि तो फार स्वस्त आहे, २०२५-२६ मध्ये आठवड्याला ३.५० पौंड.

घरातल्या आजारी माणसाची आठवड्याला २० तास किंवा जास्त सेवा करणाऱ्यांना केअरर्स क्रेडिट मागता येतं. बेकारीच्या काळातही नोंदणी केलेली असेल तर क्रेडिट मिळतं. ही मागायला उशीर करू नका.

परत पुण्याला आलेल्यांचं काय

पाच-सहा वर्षं ऑनसाइट राहून परतलेल्यांची संख्या मोठी आहे. त्यांचे दोन प्रश्न ठरलेले. भरलेला एनआय परत मिळतो का? नाही, तो पीएफसारखा काढता येत नाही. भारतातली पीएफची वर्षं तिकडे मिळवता येतात का? नाही. २०२५ च्या भारत-ब्रिटन व्यापार करारासोबत दुहेरी वर्गणीबद्दलचं जे ठरलं, ते कंपनीने तात्पुरतं पाठवलेल्या नोकरदाराला दोन्हीकडे भरावं लागू नये यासाठी आहे. त्यातून दोन देशांची वर्षं एकत्र होत नाहीत. उलट, त्या सवलतीखाली गेलेल्या माणसाची ती वर्षं ब्रिटनच्या पेन्शनला धरली जाणार नाहीत, हे नीट समजून घ्या.

म्हणजे १० पेक्षा कमी वर्षं असतील तर, उरलेली भरून १० केल्याशिवाय, हातात काही येत नाही. आजवर बरेच जण परदेशातून स्वस्तातला क्लास २ भरून ही १० वर्षं पुरी करत. ६ एप्रिल २०२६ पासूनच्या काळासाठी तो मार्ग बंद झाला आहे. आता परदेशातून भरायचं तर महागडा क्लास ३, म्हणजे स्वेच्छेने भरायच्या एनआयचा दुसरा प्रकार, आणि त्यासाठीही पूर्वीच्या ३ वर्षांऐवजी ब्रिटनमधली १० वर्षांची पार्श्वभूमी लागते. आधीच्या वर्षांबद्दल सीएफ८३ फॉर्मवर विचारणा करा.

आणखी एक गोष्ट आकडेमोडीत धराच. ब्रिटनमध्ये राहणाऱ्याची स्टेट पेन्शन दरवर्षी एप्रिलमध्ये वाढते. भारतात राहणाऱ्याची वाढत नाही, ज्या रकमेवर सुरू झाली तिथेच गोठते. अमेरिकेत किंवा फिलिपिन्समध्ये राहणाऱ्याची वाढते, आपली नाही. हा अन्याय आहे असं माझं ठाम मत आहे, पण निवृत्तीनंतर कोथरूडला किंवा पणजीला राहायचं ठरवलं असेल तर आज तरी हिशोब गोठलेल्या रकमेवरच करावा लागतो.

इतकं सगळं तपासलं, तरी वर्ष रिकामंच

मग पैशाचा विचार. साधारणपणे मागची फक्त ६ वर्षं भरता येतात. २००६ पासूनची भरायची खास मुदत ५ एप्रिल २०२५ ला संपली. २०२५-२६ च्या दराने क्लास ३ आठवड्याला १७.७५ पौंड, म्हणजे अख्ख्या वर्षाचे ९२३. त्याने पेन्शन वाढते ती आठवड्याला सुमारे ६.५८ पौंड, वर्षाला ३४२ च्या आसपास. तीन वर्षांच्या आत पैसे वसूल. भारतात गोठलेल्या पेन्शनवरही हे गणित जमतं.

पण सगळी अपुरी वर्षं सारख्या किमतीची नसतात. ज्या वर्षात ८ आठवडेच कमी पडतात ते १४२ पौंडांत पूर्ण होतं आणि वाढ मात्र तेवढीच देतं. तीन वर्षं भरायची असतील तर सगळ्यात स्वस्त तीन आधी निवडा. दोन वर्षांपेक्षा जुन्या वर्षांना बहुधा चालू दर लागतो, तोही बघा.

ज्यांचं उत्पन्न कमी आहे आणि पुढे पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या पेन्शनधारकांना मिळणारी सरकारी मदत, वरच्या एनआय क्रेडिटहून वेगळी) मिळण्याची शक्यता आहे, त्यांनी जास्तच जपून राहावं. स्टेट पेन्शन जितकी वाढते तितकं पेन्शन क्रेडिट घटू शकतं आणि भरलेले पैसे निष्फळ ठरतात.

भरण्याआधी डीडब्ल्यूपीच्या, म्हणजे पेन्शन बघणाऱ्या सरकारी खात्याच्या, फ्युचर पेन्शन सेंटरला फोन करा. पेन्शन आधीच सुरू असेल तर पेन्शन सर्व्हिसला. विचारायचं नेमकं एकच: "अमुक वर्ष भरलं तर माझी पेन्शन आठवड्याला किती पौंडांनी वाढेल?" आकडा कागदावर लिहून घ्या. एचएमआरसी पैसे घेते, पण पेन्शन किती वाढेल हे डीडब्ल्यूपी ठरवते. ही सगळी चौकशी फुकट असते. "तुमची गळलेली पेन्शन मिळवून देतो, टक्केवारी द्या" म्हणणाऱ्या मध्यस्थाची इथे काहीच गरज नाही.

पैसे पाठवताना १८ आकडी संदर्भ क्रमांक घ्यायला विसरू नका. तो चुकला तर पैसे पोचतात, पण तुमच्या नोंदीत बसत नाहीत, आणि मग पुन्हा तोच पत्रव्यवहार. भरण्याआधी नोंदीच्या पानाची प्रत जतन करा, सात-आठ आठवड्यांनी पुन्हा उघडून बघा. वर्ष पूर्ण झालं तरी फोरकास्टचा आकडा हलला नसेल, तर फोनवर लिहून घेतलेला आकडा आणि तारीख सांगून डीडब्ल्यूपीकडे विचारणा करा. आणि पेन्शनचं वय जवळ आलं की दावा स्वतः दाखल करा. भारतात असाल तर तिथूनही करता येतो, चार महिने आधीपासून. दावा केल्याशिवाय ही पेन्शन आपोआप सुरू होत नाही.